मुलीला पोहण्याआधी दम्याचा पंप दिला तर ते डोपिंग होतं का?

ठाणेकर_बाबा

नमस्कार मंडळी. इथे धावणारे, सायकल चालवणारे आणि औषधांतलं कळणारे बरेच आहेत, म्हणून विचारतोय.

लेक पंधरा वर्षांची आहे, ४०० मीटर फ्रीस्टाइल पोहते. यंदा राज्य स्पर्धेपर्यंत पोचली. गेले काही महिने कठीण सेट संपवून बाहेर आली की पाच-दहा मिनिटांनी खोकला सुरू, मग छातीत सुईसुई आवाज. आम्ही म्हटलं क्लोरीन असेल. सर म्हणाले स्टॅमिना कमी पडतोय. आजीच्या मते ओले केस. शेवटी छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ट्रेडमिलवर पळवून आधी आणि नंतर फुंकायला लावलं आणि सांगितलं की व्यायामानंतर हिच्या श्वासनळ्या आवळतात. बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप रोज, आणि पाण्यात उतरायच्या पंधरा मिनिटं आधी सॅल्ब्युटामॉलचे दोन पफ. फरक पडला. रात्रीचा खोकला गेला, शेवटच्या शंभर मीटरला हात जड पडायचे ते थांबलं.

आता खरी कटकट. पूलवर कुजबुज सुरू झालीय, 'पंप मारून पोहते.' एका पालकांनी तर बाजूला घेऊन डॉक्टरांचा नंबर मागितला. त्यांच्या मुलाला दमा नाही, पण 'दम वाढायला' चालेल का म्हणे. आणि सरांनी फर्मान काढलंय की राज्य स्पर्धेला पंप बॅगेतसुद्धा ठेवायचा नाही, चाचणी लागली तर क्लबचं नाव जाईल.

मी सायकलिंग बघतो, त्यामुळे ब्रिटिश सायकलपटू ख्रिस फ्रूमच्या चाचणीत औषध हद्दीबाहेर निघालं ते २०१७ चं प्रकरण डोक्यात आहे. तेही सॅल्ब्युटामॉलच होतं. म्हणजे सर बरोबर आहेत का? आणि दुसरं, जरा बाळबोध वाटेल: इतक्या मोठमोठ्या खेळाडूंना दमा असतोच कसा? दमा असलेला माणूस जिना चढताना थांबतो, हे लोक आल्प्स चढतात!

फिक्स्ड_गिअर

तुमचा बाळबोध प्रश्नच खरा प्रश्न आहे. टूर द फ्रान्समध्ये अर्धे लोक 'दमेकरी' आणि सगळे आपल्यापेक्षा वेगात. ब्रिटिश सायकलपटू ब्रॅडली विगिन्सचं आठवा. २०११ आणि २०१२ च्या टूरआधी आणि २०१३ च्या जिरोआधी (इटलीची मोठी शर्यत) ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं, परागकणांची अ‍ॅलर्जी आणि दमा म्हणून, रीतसर परवानगी काढून. हे जगाला कळलं कधी? २०१६ मध्ये हॅकरनी कागद फोडले तेव्हा. २०१८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने लिहिलं की त्याच्या संघाने नियम मोडला नाही पण नैतिकतेची रेघ ओलांडली. विगिन्स आणि संघ दोघांनीही ते नाकारलं, हेही सांगतो, नाहीतर त्यांचे भक्त इथे येतील.

तुमच्या मुलीबद्दल माझं काही म्हणणं नाही. वरच्या पातळीवर मात्र दमा ही सोय झालीय, एवढंच.

फुंका_फुंका

ठाणेकर बाबा, मी डॉक्टर नाही. नाशिकला पीएफटी, म्हणजे फुफ्फुसांची तपासणी करते. नाकाला चिमटा लावून 'फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका' असं दिवसभर ओरडणारी बाई असते ना, ती मी. आयडी त्यावरूनच घेतलाय. औषध कोणतं, किती हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. यंत्रावर जे रोज बघते आणि या विषयाच्या नादाने जे वाचलंय, ते सांगते.

आधी तुमचा जिना आणि आल्प्स. बसलेला माणूस मिनिटाला सहा-सात लिटर हवा आत घेतो. जीव तोडून पळणारा किंवा पोहणारा शंभरच्या वर जातो, आणि जागतिक दर्जाचे दणकट खेळाडू दीडशे-दोनशेपर्यंत. एवढी हवा गरम आणि ओली करून देणं नाकाच्या आवाक्यातलं नाही, म्हणून ती तोंडातून कोरडीच आत जाते. नळ्यांच्या अस्तरावरचं पाणी उडतं, उरलेला द्रव दाट आणि खारट होतो, तिथल्या पेशी हिस्टामिन, ल्युकोट्रिन असली रसायनं सोडतात आणि नळीभोवतीचा स्नायू आवळतो. त्रास थांबल्यानंतर पाच-दहा मिनिटांनी शिखरावर जातो आणि अर्ध्या-एक तासात बहुतेकांचा आपोआप उतरतो. तुमच्या लेकीचं वर्णन मी न बघता यंत्रावरचा आलेख काढून दिला असता, इतकं जुळतंय.

आता हे असं रोज, वर्षानुवर्षं करा. लहानपणी दम्याचा मागमूस नसलेली फुफ्फुसंसुद्धा अशाने चिडकी होतात. म्हणून वरच्या पातळीवर दमा जास्त दिसतो तो सगळ्या खेळांत सारखा नाही. नेमबाजी, भारोत्तोलनात फारसा नाही. लांब पल्ल्याच्या दमसासाच्या खेळांत भरपूर. बर्फावर स्की करणाऱ्यांना गोठलेली कोरडी हवा. सायकलवाल्यांना धूळ, धूर आणि परागकण. पोहणाऱ्यांचं जरा वेगळं आहे. त्यांची हवा दमट असते, हा फायदा. म्हणूनच पूर्वी डॉक्टर दम्याच्या मुलांना पोहायला पाठवायचे, अजूनही पाठवतात, त्यामुळे मुळातच दमा असलेली मुलं तलावावर जास्त सापडतात. पण क्लोरीन आणि लोकांचा घाम-लघवी मिळून क्लोरामाइन तयार होतात. त्यातला ट्रायक्लोरामाइन हा वायू पाण्यापासून वीतभर उंचीवर तरंगत राहतो. पोहणारा श्वास नेमका तिथूनच घेतो. बंदिस्त तलावात, जिथे हवा खेळत नाही, तिथे अजून वाईट. आत शिरल्यावर नाकाला झोंबणारा जो 'क्लोरीनचा वास' आपण म्हणतो तो बराचसा याचाच. पोहण्याआधी साबण लावून अंघोळ करा अशी पाटी तलावावर असते ना, ती याच्यासाठी. किती जण करतात ते तुम्हीच सांगा.

फिक्स्ड_गिअर, तुमचा संशय जुना आहे आणि ऑलिम्पिकवाल्यांनाही होताच. १९८४ च्या लॉस एंजेलिसला अमेरिकेच्या ५९७ खेळाडूंपैकी ६७ जणांना व्यायामाने येणारा दमा निघाला, आणि त्या ६७ जणांनी ४१ पदकं आणली. पुढे पंप वापरतो असं कळवणाऱ्यांचा आकडा फुगत गेला, तेव्हा २००२ च्या सॉल्ट लेक सिटीपासून ऑलिम्पिक समितीने म्हटलं, तोंडी सांगू नका, तपासणी दाखवा. म्हणजे माझ्या धंद्याचे कागद! पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते आधी मोजायचं, मग श्रम द्यायचे, मग पुन्हा मोजायचं. दहा टक्के किंवा जास्त घसरण झाली की व्यायामाने नळ्या आवळतात असं धरतात. खेळाडूंसाठी अजून एक खडतर तपासणी आहे. सहा मिनिटं पाच टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेली कोरडी हवा जोरजोरात घ्यायची. तिथे नाटक करणं अवघड. मुद्दाम कमी फुंकलं तर आलेखाचा आकारच सांगतो, आम्हाला ते दिवसातून दोनदा तरी दिसतं, बहुतेक विम्याच्या किंवा नोकरीच्या कागदांसाठी आलेल्यांत. तर ही गाळणी लावल्यानंतर ऑस्ट्रेलियाचे डॉ. केनेथ फिच यांनी पाच-सहा ऑलिम्पिकची माहिती मांडली: साधारण आठ टक्के खेळाडू खरोखर दम्याचे. आणि तरीही त्यांची पदकं त्यांच्या संख्येच्या मानाने जास्तच.

यातून दोन अर्थ निघतात. एक, पंपाने पदक मिळतं. दुसरा, जो पदकापर्यंत पोचतो त्याने इतकी वर्षं इतकी हवा ओढलेली असते की फुफ्फुस त्याची किंमत देतं. मी दुसऱ्या बाजूची आहे, कारण पहिल्याची तपासणी झालेली आहे. दमा नसलेल्या धडधाकट खेळाडूंना नेहमीच्या मापाने सॅल्ब्युटामॉल पंपातून देऊन पळवलं, सायकलवर बसवलं, तर दमसास वाढत नाही, हे अनेक प्रयोगांत आलंय. नळ्या आधीच उघड्या असतील तर त्या अजून उघडून काय मिळणार? त्या पालकांना एवढंच सांगा. त्यांच्या मुलाला हात थरथरणं आणि छातीची धडधड मिळेल, बाकी काही नाही.

पण (हा पण मोठा आहे) तेच औषध गोळीतून, सायरपातून, इंजेक्शनमधून भरपूर पोटात गेलं की गोष्ट बदलते. तेव्हा ते रक्तातून स्नायूंपर्यंत पोचतं, आणि ताकद, छोट्या धावेचा जोर वाढल्याचे प्रयोग आहेत. ताकदीसाठी चोरून घेतात ते क्लेनब्युटेरॉलही याच कुटुंबातलं. म्हणून 'वाडा'ची (जागतिक डोपिंगविरोधी संस्था) यादी या अख्ख्या कुटुंबावर बंदी घालते, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही, आणि मग मोजक्या औषधांना फक्त पंपातून, फक्त ठरलेल्या मापात सोडते. सॅल्ब्युटामॉल: चोवीस तासांत १६०० मायक्रोग्रॅम, आणि कोणत्याही आठ तासांत ६०० च्या वर नाही. आपल्याकडच्या नेहमीच्या पंपात एका पफला १०० असतात. तुमच्या लेकीचे दोन पफ म्हणजे २००. फॉर्मोटेरॉल चोवीस तासांत ५४ पर्यंत. सॅल्मेटेरॉल आणि विलान्टेरॉललाही आपापली मापं आहेत. बुडेसोनाइडसारखं स्टेरॉइड पंपातून, कंपनीने ठरवलेल्या मापात, चालतं. मॉन्टेलुकास्ट ही दम्याची गोळी यादीत नाहीच. एवढ्यासाठी कुठलीही परवानगी काढावी लागत नाही.

तेव्हा सरांचं चुकलंय, आणि नुसतं चुकलं नाहीये, धोक्याचं आहे. दम्याच्या मुलीच्या बॅगेतून पंप काढायला लावणं हे मी ऐकूनच घेऊ शकत नाही. तलावाच्या काठावर छाती बंद झाली तर क्लबचं नाव घेऊन श्वास घेणार का ती?

एक राहिलं. जोरात असतानाच, श्वास आत घेताना घशातून कर्कश आवाज येतो आणि पंपाने ढिम्म फरक पडत नाही, अशी मुलं पण येतात. तो दमा नसतो, स्वरयंत्राकडचा रस्ता अरुंद होतो. त्यांना वर्षानुवर्षं पंप देत बसतात. तुमच्या लेकीचं तसं दिसत नाही, पण वाचणाऱ्या इतरांसाठी.

केमिस्ट_रंकाळा

बाईंनी सगळं सांगितलंय, मी काउंटरवरचं सांगतो. ठाणेकर साहेब, पंपाची भीती सोडा. घात करतो तो खोकल्याचा बाटला.

पृथ्वी शॉ आठवतोय ना, आपला विरारचा? २०१८ च्या ऑक्टोबरात राजकोटला पहिल्याच कसोटीत शतक ठोकलं. २२ फेब्रुवारी २०१९ ला इंदूरला सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत त्याची लघवी तपासायला घेतली, त्यात टर्ब्युटालिन सापडलं. सर्दी-खोकल्याला दुकानातून आणलेलं सायरप घेतलं होतं. क्रिकेट बोर्डाने त्याचं म्हणणं मान्य केलं की मुद्दाम नव्हतं, आणि तरी आठ महिने बाहेर, १६ मार्च ते १५ नोव्हेंबर. युसूफ पठाणचं त्याआधी, २०१७ मधलं, तेच टर्ब्युटालिन, पाच महिने. दोघांनीही पंप मारलेला नव्हता.

टर्ब्युटालिन हे दम्याचंच औषध, पण वाडाच्या सुटीत ते नाही. पंपातूनसुद्धा नाही. घ्यायचंच असेल तर उपचारासाठीची सूट आधी काढावी लागते. सायकलवाल्या सायमन येट्सला २०१६ मध्ये दमा होता, पंप होता, डॉक्टरही होते. संघाच्या डॉक्टरांकडून अर्ज राहून गेला आणि चार महिने याला बसावं लागलं.

आणि आपल्याकडे कफाच्या सायरपात काय असतंय? टर्ब्युटालिन, नाहीतर सॅल्ब्युटामॉल, नाहीतर लेव्होसॅल्ब्युटामॉल, सोबत ब्रोमहेक्सिन किंवा अँब्रोक्सॉल आणि ग्वायफेनेसिन. माझ्या दुकानात रोज येतात, 'दादा, ते लाल औषध द्या खोकल्याचं.' चिठ्ठी नाही, काही नाही. आता सॅल्ब्युटामॉल पंपातून चालतं म्हणून सायरपातून चालतं असं नाही. पोटातून घेतलेलं सगळंच बंद. म्हणून पोराला तालमीत घालणाऱ्या माझ्या गिऱ्हाइकांना मी सांगून ठेवलंय, बाटलीवरचं नाव वाचू नका, खालचं बारीक अक्षर वाचा. एकाच नावाच्या बाटल्या असतात आणि मागे दोन अक्षरं लागली की आतला माल वेगळा. कंपन्या नाव तेच ठेवून घटक बदलतात ते आणि वेगळं.

लेव्होसॅल्ब्युटामॉलचे पंप पण भरपूर खपतात. सॅल्ब्युटामॉलला सूट आहे म्हणून यालाही आहे असं धरून चालू नका. बंदीच्या वाक्यात या औषधांची सगळी आरशातली भावंडं (त्याच रेणूची उलटी-सुलटी रूपं) येतात, सुटीत नाव फक्त सॅल्ब्युटामॉलचं आहे. डॉक्टरांनी ते लिहिलं असेल तर नाडाला (आपल्याकडची डोपिंगविरोधी संस्था) आधी लेखी विचारा.

आता वाफ. नेब्युलायझरमध्ये घालतात ती सॅल्ब्युटामॉलची प्लॅस्टिकची नळी २.५ मिलिग्रॅमची असते. म्हणजे २५०० मायक्रोग्रॅम. दिवसाची मर्यादा १६००. एका वाफेत गेली मर्यादा! जीव घाबरा झाला तर वाफ द्यायचीच, तिथे विचार करायचा नाही, पण केसपेपर, वेळ, माप सगळं लिहून घ्या. तातडीच्या उपचाराची सूट नंतर मागता येते. प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांचंही तेच, स्पर्धेच्या काळात पोटातून किंवा सुईतून स्टेरॉइड बंद.

फोनमध्ये नाडाचं 'नो युवर मेडिसिन' अ‍ॅप टाकून ठेवा. औषधाचं नाव घातलं की बंदी आहे का नाही ते दाखवतंय.

ओस्लोकर

केमिस्ट दादांच्या वाफेवरून लिहायला बसलो. मूळचा साताऱ्याचा, आता इथे नॉर्वेत. हिवाळ्यात मुलांच्या शाळेची सक्तीची स्की-सहल असते. उणे बारामध्ये पाच किलोमीटर झाल्यावर माझ्याही छातीतून बासरी वाजते. त्यामुळे इथल्या स्कीवाल्यांना दमा आहे म्हटल्यावर मी तरी हसत नाही.

मार्टिन योन्सरुड सुंडबी हा इथला मोठा क्रॉस-कंट्री स्कीअर. डिसेंबर २०१४ आणि जानेवारी २०१५ च्या नमुन्यांत त्याचं सॅल्ब्युटामॉल हद्दीबाहेर निघालं. त्याला लहानपणापासून दमा, आणि संघाच्या डॉक्टरांनीच नेब्युलायझर लावलेला. वाद कशावर झाला बघा: मशीनमध्ये पाच मिलिग्रॅम घातलं तरी छातीत त्यातलं थोडंसंच जातं, बाकीचं हवेत उडतं. मग मर्यादा मोजायची कुठे, मशीनमध्ये घातलेल्यावर की छातीत गेलेल्यावर? आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या समितीने त्याला सोडलं. वाडा क्रीडा लवादात गेली. जुलै २०१६ मध्ये निकाल आला की वेष्टनावर लिहिलेलं माप धरायचं. दोन महिन्यांची बंदी, वर ती टूर द स्की शर्यत आणि २०१४-१५ चा विश्वचषक दोन्ही गेले. फसवायचा हेतू होता असं लवादानेही म्हटलं नाही.

इथे लोकांना बंदीपेक्षा पुढचं जास्त लागलं. दमा ठरलेला नाही अशांनाही सर्दी-खोकल्यात वाफ दिली जात होती का, यावर वर्तमानपत्रांत महिनोन् महिने चर्चा चालली, नॉर्वेच्या स्की महासंघाला चौकशी समिती नेमावी लागली. आणि मग २०१८ च्या प्याँगचांग हिवाळी ऑलिम्पिकला जाताना नॉर्वेच्या सामानात दम्याच्या औषधाचे सहा हजारांवर डोस असल्याची बातमी स्वीडनच्या वाहिनीने दिली. शेजारी असलं काही सोडत नाहीत! त्या स्पर्धेत नॉर्वेने ३९ पदकं जिंकली, सगळ्यात जास्त. आता हजारो डोस ऐकून डोळे विस्फारतात, पण एका पंपातच शंभर-दोनशे असतात, हे कुणी सांगत नाही.

पोलंडची स्कीअर युस्तिना कोवालचिकने २०१० लाच इथल्या मारित ब्योर्गनच्या दम्याच्या औषधावर उघड बोट ठेवलं होतं. ब्योर्गनकडे परवानगी होती. त्याच वर्षी व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये तीस किलोमीटरच्या शर्यतीत कोवालचिकने तिला सेकंदाच्या तीन-दशांशाने हरवलं. माझं स्वतःचं मत विचाराल तर दमा खरा असतो, पण जिथे अख्ख्या संघाच्या ट्रकमध्ये मशीन असतं तिथे आजारी कोण आणि थकलेला कोण हे डॉक्टर नीट विचारत नाहीत.

फिक्स्ड_गिअर

ओस्लोकर, हेच म्हणत होतो मी.

फुंका ताई, पंपाने दम वाढत नाही हे मान्य करतो, तुम्ही नीट सांगितलंत. पण न्यायाचं काय? इटलीचा सायकलपटू दिएगो उलिस्सीच्या लघवीत २०१४ च्या जिरोत सॅल्ब्युटामॉलचे १९०० नॅनोग्रॅम निघाले, नऊ महिने बंदी. फ्रूमचे २०१७ च्या व्हुएल्टात (स्पेनची शर्यत) २०००, हद्द १०००, आणि जुलै २०१८ मध्ये प्रकरण बंद, टूरला जा बाळा. दोघांचं म्हणणं एकच होतं, पंप मर्यादेतच घेतला.

फुंका_फुंका

यावर माझं-तुमचं भांडण नाही. शास्त्राची बाजू एवढीच की सॅल्ब्युटामॉल लघवीत किती उतरेल ते माणसागणिक आणि दिवसागणिक हलतं. उन्हात पाच तास सायकल चालवून शरीरातलं पाणी आटलं की लघवी दाट होते आणि आकडा वर चढतो. दाटपणाचा हिशेब धरल्यावर फ्रूमचे २००० चे १४२९ झाले. मार्च २०१८ पासून प्रयोगशाळांनी ही दुरुस्ती सगळ्यांसाठीच करायची असा नियम आला. उलिस्सीच्या वेळी तो नव्हता.

पण फ्रूमच्या बाजूने तज्ज्ञांचे गठ्ठे आणि वकील होते, हेही तितकंच खरं. नऊ-दहा महिने लढायला पैसा लागतो. नाशिकच्या धावणाऱ्या पोरीला हे कोण करून देणार? म्हणून मी सगळ्यांना सांगते, आठ तासांत सहा पफची हद्द आहे म्हणून सहापर्यंत जायचं नसतं. रोजचा स्टेरॉइडचा पंप नियमित असेल तर निळ्या, म्हणजे सॅल्ब्युटामॉलच्या पंपाची गरजच कमी होते. आता जगभरचे दम्याचे डॉक्टर नुसत्या निळ्या पंपावर राहू नका असंच सांगतात. त्रास वाढला म्हणून पफ वाढवायला लागले, तर डॉक्टरांकडे जायची वेळ झाली असं समजायचं.

आणि अंग नीट तापवून घेऊ द्या तिला, मध्ये मध्ये जोराचे छोटे तुकडे टाकून. बऱ्याच जणांत त्यानंतर तास-दोन तास नळ्या कमी आवळतात. फुकट आहे आणि कुठल्याही यादीत नाही.

दादरचे_आजोबा

लेक ४०० मीटर फ्रीस्टाइल पोहते हे वाचून राहवलं नाही. आमच्या पिढीला १९७२ चं म्युनिक ऑलिम्पिक म्हणजे मार्क स्पिट्झची सात सुवर्णं एवढंच लक्षात आहे. त्याच तलावात रिक डिमॉन्ट नावाचा अमेरिकेचा सोळा वर्षांचा मुलगा तुमच्या मुलीचीच शर्यत पोहला. ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅड कूपरला सेकंदाच्या शंभराव्या भागाने मागे टाकून पहिला आला. आणि मग त्याचं पदक काढून घेतलं. लहानपणापासून दमा, त्यावर मॅरॅक्स नावाची गोळी, गोळीत बंदी असलेलं एफेड्रिन. पुढे १५०० मीटरची अंतिम शर्यत होती, जागतिक विक्रम त्याच्याच नावावर, तीही पोहू दिली नाही.

यातला राग आणणारा भाग असा, की पोराने अर्जावर औषध लिहिलेलं होतं. ते वाचून पुढे विचारणं संघाच्या मोठ्या माणसांचं काम, ते त्यांनी केलं नाही. पुढच्या वर्षी बेलग्रेडला त्याने याच ४०० मीटरला चार मिनिटांच्या आत पोहून दाखवलं, तसं करणारा जगातला पहिला. २००१ मध्ये अमेरिकेच्या ऑलिम्पिक समितीने आपली चूक होती असं म्हटलं. पदक काही परत आलं नाही.

ठाणेकर_बाबा

सगळ्यांचे मनापासून आभार. आजोबा, ही गोष्ट लेकीला वाचून दाखवली, तिने लगेच ३:५८ कसे पोहला असेल ते शोधायला घेतलं. केमिस्ट दादा, घरातल्या औषधांच्या डब्यातून कफाची एक बाटली निघाली, टर्ब्युटालिनवाली, आजीची. वेगळ्या कपाटात ठेवलीय.

सरांशी बोललो. यादीतलं पान छापून नेलं होतं. थोडे गुरगुरले, मग म्हणाले डॉक्टरांचं पत्र आणा. पत्र, फुंकण्याच्या तपासणीचा कागद आणि पंपाच्या खोक्याचा फोटो अशी फाइल केलीय. आता एकच: खरोखर चाचणी लागली तर पंधरा वर्षांच्या मुलीने तिथे एकटीने काय करायचं?

फुंका_फुंका

एकटीने नाही. ती अठरा वर्षांच्या आतली आहे, तेव्हा मोठं माणूस सोबत राहू शकतं. ते तुम्ही नाहीतर आईने राहायचं, सरांवर सोडू नका. फॉर्मवर गेल्या सात दिवसांतली औषधं लिहायला जागा असते. तिथे दोन्ही पंप, आतल्या औषधांच्या नावांसकट आणि त्या दिवशी किती पफ घेतले त्या आकड्यासकट, तिलाच स्वतःच्या हाताने लिहू द्या. जीवनसत्त्वाच्या गोळ्या, प्रोटीनचा डबा, सगळं. सही करायच्या आधी वाचायचं, आणि तिची प्रत मिळाल्याशिवाय तिथून उठायचं नाही.

केमिस्ट_रंकाळा

पंपाचं खोकंही टाकू नका, बॅच नंबर त्यावरच असतोय. आणि स्पर्धेच्या गावात सर्दी झाली तर तिथल्या दुकानातून काही घ्यायच्या आधी घटकांचा फोटो इथे टाका. रात्री अकरापर्यंत मी जागा असतो.